स्लॅबखालची भाजी

पाणी हे जीवन आहे. त्याला जात नाही, धर्म नाही आणि मजलाही नाही. जोगेश्वरी पूर्वेच्या ऋणानुबंध सहकारी गृहनिर्माण संस्थेत, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या खोलीवर हे वाक्य हिरव्या अक्षरांत रंगवलेलं होतं. बिल्डरने जाता जाता रंगवून दिलं होतं. आठवड्याभरात कुणीतरी त्याखाली काळ्या मार्करने लिहिलं, ‘वास आहे.’

धाकू परबने रॉकेलचा बोळा घेऊन ते पुसायचा प्रयत्न केला. मार्कर राहिला आणि ‘जीवन’ निघून गेलं.

धाकू त्या यंत्राचा ऑपरेटर. वय एकोणसाठ, राहायला त्याच इमारतीत, सातव्या मजल्यावर. एकशे बारा फ्लॅट सकाळी सहा ते नऊ या वेळात जे काही खाली सोडत, ते सगळं त्याच्या ताब्यात येई. काळं पाणी टाकीत पडे, ब्लोअर त्यात हवा फुंके, हवेवर जिवाणू जगत आणि घाण खात. धाकू त्यांना ‘पोरं’ म्हणायचा. ‘आज पोरं मरगळलीत’ असं तो म्हणाला की समजावं, वर कुणीतरी बाथरूममध्ये ॲसिडची अख्खी बाटली ओतली आहे. पुढे वाळू, मग कोळसा, मग क्लोरीन. शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या ग्लासात धरलं तर पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येई. धाकू रोज वाचायचा. ठळक बातम्या तरी.

याआधी सव्वीस वर्षं तो साकीनाक्याच्या एका डाईंगच्या कारखान्यात होता. तिथेही पाणी साफ करायचं यंत्र होतं. तपासायला साहेब येणार असले की ते चालू व्हायचं. एरवी ज्या रंगाची ऑर्डर त्या रंगाचं पाणी गटारात. कारखाना बंद पडेपर्यंत धाकूने तिथल्या रजिस्टरात रोज एकच शब्द लिहिला : ‘स्वच्छ’. अक्षर सुंदर होतं. साहेब दर वेळी अक्षराचं कौतुक करून जात.

त्यामुळे ऋणानुबंधच्या नळाखाली पहिल्यांदा खरोखर स्वच्छ पाणी पाहिलं तेव्हा तो जरा बावरलाच. हे पाणी मुळात सगळ्यांच्या फ्लशला जायचं होतं. पण त्यात किंचित पिवळी झाक आहे अशी तक्रार आली. फ्लशचं पाणी कुणी निरखून का पाहावं हे धाकूला कळलं नाही, पण कमिटीने व्हॉल्व बंद केला. मग ते पाणी गटारात जाऊ लागलं. पोराला न्हाऊमाखू घालून, तीट लावून उकिरड्यावर बसवावं तसं.

यंत्राची खोली आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद असा एक पट्टा रिकामा होता. वर पोडियमचा स्लॅब पुढे आलेला. दुपारनंतर भिंतीवरून तिरपं ऊन यायचं, चारेक तास. पाऊस मात्र यायचा नाही. धाकूने तिथला राडारोडा उपसला, माती आणली, नळाला पाईप जोडला आणि लाल माठ, भेंडी, अळू लावलं. भिंतीवर पडवळ चढवलं. सव्वीस वर्षांत त्याने साफ केलेलं (किंवा न केलेलं) पाणी कुणाच्या उपयोगी पडल्याचं त्याने पाहिलं नव्हतं. इथे ते पानापानावर दिसत होतं.

पहिला बहर आला तेव्हा त्याने भेंडीचे वाटे करून प्रत्येक मजल्यावर नेऊन दिले. सगळ्यांनी हसून घेतले. दुसऱ्या दिवशी सगळे वाटे ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात होते. सोसायटी वर्गीकरणाच्या बाबतीत कडक होती. एकही भेंडी चुकून सुक्या कचऱ्यात गेली नव्हती. त्या कचऱ्याचं खत झालं, खत पट्ट्यात आलं. म्हणजे यंदाची भेंडी गेल्या वर्षीच्या भेंडीवर वाढली. पिकवणारा माणूस एक, खाणाराही तोच. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात धाकूला माहीत नव्हतं. त्याची बायको रत्नप्रभा याला हट्ट म्हणायची.

रत्नप्रभा ती भाजी खात नसे. तिने कधी नाव ठेवलं नाही, नाक मुरडलं नाही. तो भाजी घेऊन वर आला की ती फक्त म्हणे, “ठेवा तिथे.” आणि ती तिथेच राही.

श्रावण संपत आला तसा सेक्रेटरी निलेश टेप हातात घेऊन पट्ट्यावर आला. निलेश बँकेत होता आणि मनाने चांगला होता, म्हणजे वाईट बातमी सांगताना तो समोरच्याला काका म्हणायचा.

“काका, मला तुमच्या भेंडीशी काही भांडण नाही. पण सहा स्कूटरवाले माझ्या डोक्यावर बसलेत. विचारतात, या जागेचा सभासदांना उपयोग काय?”

“भाजी.”

“खातं कोण?”

“मी.”

“तेच म्हणतोय मी.”

धाकू पडवळाला बांधलेला दगड नीट करत राहिला. निलेशने टेप गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

“हे बघा, एक करू. ऋषीपंचमीला महिला मंडळ साठ-सत्तर माणसांची भाजी करतं ना हॉलमध्ये? ती तुमच्या पट्ट्यातली घेऊ देत. मग मी कमिटीत छातीठोक सांगतो, सभासदांच्या उपयोगाची जागा आहे. नाही घेतली, तर गणपती गेले की सोमवारी पेव्हर ब्लॉकवाला येतोय.”

“आणि ही रोपं रे?”

“ओला कचरा,” निलेश म्हणाला. त्यात दुष्टावा नव्हता. वर्गीकरण समितीही त्याच्याचकडे होती.

ऋषीपंचमीचा नियम सोपा आहे. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं खायचं नाही. नांगराखालच्या जमिनीतलं धान्य नाही, भाजी नाही. माणसाने आपल्या हाताने लावलेलं, खणलेलं तेवढंच. गावी परसातलं निघतं. जोगेश्वरीत परस नाही, म्हणून त्या दिवशी प्रत्येक भाजीवाली शपथेवर सांगते की तिच्या भेंडीने बैल पाहिलेला नाही, आणि त्या शपथेचे वेगळे पैसे घेते. ऋणानुबंधमध्ये गावी जाणारे गावी गेले की उरलेल्या बायका हॉलमध्ये एकच मोठं पातेलं चढवत. जुन्या चाळीपासूनची रीत. चाळ पाडली, टॉवर झाला, पातेलं तेच राहिलं. आणि गेली अकरा वर्षं ते ढवळणारी रत्नप्रभा होती.

“मी काय सांगू त्यांना?” ती म्हणाली. “मीच खात नाही हे सगळ्यांना माहिताय.”

“मग खा.”

तिने भाकरी उलटली. “मंडळ हो म्हणालं तर सगळ्यांबरोबर खाईन. आधी नाही.”

एकतीस वर्षांच्या संसारात तिने असा स्पष्ट शब्द क्वचित दिला होता. धाकूने त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मंडळाची बैठक रविवारी दुपारी हॉलमध्ये भरली. वीस-बावीस बायका, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि पंख्याखालच्या खुर्चीत द्रौपदीकाकू. वय अठ्ठ्याहत्तर, माहेर कणकवलीकडचं. चाळीत नळावर कुणाची कळशी आधी लागणार हे ती ठरवायची. आता नळ घरोघरी आल्यामुळे तिच्याकडे फक्त शास्त्र उरलं होतं. धाकूने तिच्यासमोर प्रयोगशाळेचा रिपोर्ट ठेवला. तिने तो शेजारच्या मानसीला वाचायला दिला.

मानसीने वाचलं, “ई-कोलाय, आढळले नाहीत.”

“ता काय आसता?”

“जंतू असतात काकू. संडासातले.”

“आढळले नाय म्हणजे शोधी होतंस मां?” द्रौपदीकाकू धाकूकडे वळली. “मेल्या, चांगल्या पाण्यात ता कोण शोधूक जाता?”

धाकूने मानसीकडून रिपोर्ट परत घेतला. खरं म्हणजे रिपोर्टसाठी तो दोनदा ठाण्याला जाऊन आला होता, बर्फाच्या डब्यात बाटली घेऊन. पण जे मनात शिरलेलं असतं ते बाटलीत सापडत नाही. त्याने रिपोर्टची घडी घातली आणि दुसरा मुद्दा काढला.

“काकू, नियम काय आहे? बैल नको. माझ्या पट्ट्यात बैल सोडा, बैलाचं चित्रसुद्धा गेलेलं नाही. कुदळ माझी, हात माझे. बाजारातली भाजी कुणी बघितलीय?”

हॉलमध्ये चुळबुळ झाली. मुद्दा बिनतोड होता. बायकांनी तो गंभीरपणे घेतला. पाण्याला पंप लावला तर तो बैलात धरायचा का, असं एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, पंप पाच हॉर्सपॉवरचा आहे, म्हणजे झालेच तर घोडे झाले, आणि घोड्याला मनाई नाही. द्रौपदीकाकू डोळे मिटून बसली होती. शेवटी तिने ते उघडले.

“बैल नाय लागलो, कबूल,” ती म्हणाली. “पण बैलाचे श्रम नको म्हणान ह्यो उपास. आणि हय तर आख्ख्या बिल्डिंगीचे श्रम लागले हत, रोज सकाळचे.”

मग जे हसू फुटलं ते आवरेना. मानसीने मंडळाच्या वहीनेच तोंड झाकलं. धाकूही हसला, कारण न हसणं बरं दिसलं नसतं. त्याच्या डोळ्यांसमोर लाल माठ उभा होता. यंदा देठ अंगठ्याएवढे जाड झाले होते, ऋषीच्या भाजीला हवे अगदी तसे.

हसू ओसरल्यावर रत्नप्रभा उभी राहिली. मंडळात ती बोलत नसे, ढवळत असे; म्हणून सगळ्या तिच्याकडे वळल्या.

“काकू, जूनपासून पाऊस धो धो कोसळतोय,” ती म्हणाली. “भर पावसात झाडांना नळाचं पाणी कोण घालतं? नळ तिथे आहे म्हणून काय झालं? ती पावसाचीच भाजी.”

हॉलमध्ये एकदम मोकळी हवा आल्यासारखं झालं. खरंच की! पाऊस! हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? मुळात बायकांनाही कुठे नको होतं. बाजारात पडवळ सोन्याच्या भावाने होतं आणि धाकूचं फुकट होतं. फक्त धरायला काहीतरी हवं होतं. द्रौपदीकाकूच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा सैल पडल्या.

“मगे ह्या आधी सांगूक काय झाला?” ती म्हणाली. “पावसाचा पाणी देवाचा. घेवया धाकूची भाजी. लिही गो मानसी.”

मानसीने पेनचं टोपण काढलं. रत्नप्रभा अजून उभीच होती आणि धाकूकडे पाहत होती. त्या नजरेचा अर्थ कुठल्याही नवऱ्याला कळला असता.

धाकूला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं, फार तर मान हलवायची होती. पट्टा वाचला होता. चार दिवसांनी त्याचा माठ पातेल्यात पडला असता आणि बायको त्याच्या समोर बसून तो जेवली असती. पण तेवढ्यात मानसी लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागली, “पावसाच्या... स्वच्छ... पाण्यावर...” आणि ‘स्वच्छ’ हा शब्द त्याला लागला. पुन्हा एक वही, पुन्हा तोच शब्द. फरक इतकाच की या वेळी पाणी खरोखर स्वच्छ होतं आणि लिहिलेलं खोटं होतं.

“वर स्लॅब आहे,” धाकू म्हणाला.

मानसीचं पेन थांबलं. “काय काका?”

“पोडियमचा स्लॅब. नऊ फूट पुढे आलाय. पट्टा आठ फुटांचा. पावसाचा एक थेंब पडत नाही तिथे, झडसुद्धा येत नाही, मी मोजलंय. सगळी भाजी आपल्याच पाण्याची आहे.” आणि मग, आपण जिंकतोय अशा समजुतीने त्याने वर जोडलं, “अगदी सुरुवातीपासून.”

कुणीही हसलं नाही. रत्नप्रभा खाली बसली. बसताना तिने पदर नीट केला, जसा दुसऱ्याच्या घरून निघताना करतात.

द्रौपदीकाकू खुर्चीत पुढे सरकली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“धाकू,” ती म्हणाली, “तुका गप रवाक काय झाला होता रे?”

भाजी नेहमीप्रमाणे गेटवरच्या वनमालाकडून घ्यायची असं ठरलं.

लिफ्टमध्ये दोघंच होती. चौथा मजला गेला.

“सगळ्यांसमोर खोटं बोलले मी तुमच्यासाठी,” रत्नप्रभा म्हणाली. “पहिल्यांदा.”

“अगं, पण स्लॅब...”

“मला माहीत नाही का स्लॅब? किचनच्या खिडकीतून दुसरं दिसतं काय? दोन वर्षं रोज तोच बघतेय. खाली तुम्ही असता म्हणून.”

सातवा मजला आला. ती आधी बाहेर पडली.

ऋषीपंचमीच्या सकाळी भाजी आणायला मंडळाने धाकूलाच पिटाळलं. दोन पिशव्या उचलणारा दुसरा पुरुष जागा नव्हता. वनमाला गेटबाहेर गोणपाट पसरून बसली होती. माठ, भेंडी, अळू, सगळं हिरवंगार, पाणी मारलेलं.

“घ्या काका, एकदम गावठी.”

“कुठल्या गावची?”

“तुमच्याशी काय लपवायचं! रुळाकडच्या मळ्यातली. दिराची आहे.”

“बैल?”

“तिथे बैल?” वनमालाला खरंच हसू आलं. “चार ट्रॅक आहेत बाजूला काका. बैल गेला तर परत येईल का?”

नियम पाळला गेला होता. धाकूने माठाची जुडी उचलली, देठ दाबून पाहिला. त्याच्या माठापेक्षा बारीक होता.

“पाणी कुठलं गं घालता?”

“पाणी काय, नाला आहे ना शेजारीच. पंप टाकलाय दिराने. बारा महिने पाणी.”

धाकूला तो नाला माहीत होता. ऋणानुबंधचं गटार त्यालाच मिळतं. व्हॉल्व बंद केल्यापासून धाकूने गाळलेलं, कोळशातून काढलेलं, पलीकडचं वर्तमानपत्र दिसणारं पाणी त्याच नाल्यात पडत होतं. म्हणजे ते शेवटी भाजीलाच लागत होतं. फक्त वाटेत बाकीच्या जोगेश्वरीला भेटून जात होतं.

त्याने दोन्ही पिशव्या भरल्या. वनमालाने वर कढीपत्ता घातला.

हॉलमध्ये पातेलं चढलं होतं. भाजी चिरताना द्रौपदीकाकूने एक भेंडी मोडून पाहिली आणि म्हणाली, “बघलंस? कशी कोवळी आसा. परसातली वाटता.” धाकू दारात उभा होता. त्याच्याकडे एक माहिती होती. त्या माहितीने साठ-सत्तर माणसांचं जेवण, वीस बायकांचा उपास आणि वनमालाची जागा अशा तीन गोष्टी एका दमात गेल्या असत्या. पट्टा मात्र परत मिळाला नसता. त्या वर्षाच्या वाट्याचं खरं त्याचं बोलून झालं होतं. तो पिशव्या झटकून घडी घालत राहिला.

दुपारी पंगत बसली. रत्नप्रभा वाढत होती. धाकूच्या पानापाशी आली, पळीभर भाजी वाढली आणि तिथेच थांबली. चार दिवसांत तिने त्याला ‘जेवायला या’ यापलीकडे काही म्हटलं नव्हतं.

“कशी झालीय?” तिने विचारलं.

त्याने घास खाल्ला. माठ, अळू, मक्याचं कणीस, ओलं खोबरं. खरोखरच चांगली झाली होती. तेच वाईट होतं. माना वर करून दोन-चार बायका त्याच्याकडे पाहत होत्या. हा माणूस आता काय बोलेल याचा भरवसा राहिला नव्हता.

“स्वच्छ,” तो म्हणाला. मग सावरून, “छान. छान झालीय.”

“अजून घ्या,” रत्नप्रभा म्हणाली आणि आणखी एक पळी वाढली.

तिने स्वतः शेवटच्या पंगतीत जेवण केलं. दोनदा घेतली भाजी.

रविवारी धाकूने माठ उपटला. देठ बाहेर काढून ठेवले, मोजले नाहीत. पडवळ उतरवलं, वेल ओढला तशी भिंतीवरची सुतळी तुटून अंगावर आली. अळूचे कंद तेवढे कुंडीत लावून ठेवावेत असं त्याच्या मनात होतं, पण कुंडी ठेवायची कुठे हे सुचलं नाही. सगळं त्याने हिरव्या डब्यात टाकलं. मुळांची माती झटकून टाकलं. मातीसहित टाकलं की खत बिघडतं, अशी निलेशची सूचना नोटीस बोर्डावर होती. मग पाईप गुंडाळला आणि शेवटचा नळ गटाराच्या बाजूला फिरवला. वर सातव्या मजल्याच्या खिडकीत कुणी उभं असेल तर ते त्याला दिसणार नव्हतं. मध्ये स्लॅब होता.

सोमवारी पेव्हर ब्लॉकवाला सांगितल्या वेळी आला. दोन दिवसांत काम झालं, पिवळे पट्टे मारून झाले, निलेशने नंबर घातले. धाकू अजून यंत्रावर जातो. पोरं ठीक आहेत. नळाचं पाणी ग्लासात धरलं तर पलीकडचं दिसतं, पण वर्तमानपत्र त्याने बंद केलं.

पट्ट्यात आता सहा स्कूटर उभ्या असतात. वर स्लॅब असल्यामुळे भर पावसातही त्यांच्यावर एक थेंब पडत नाही.